विजयेवरील पाऊस आणि आपली खरेदी

विजया आपल्या फार्मसींत येते ती वाळलेल्या पानांच्या पोत्यांतून. खरेदीच्या वेळी चौकशी होते ती भावाची आणि उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याची. ते पान शेतात उभे असताना किती पाऊस अंगावर घेऊन आले, हे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते विजयेच्या गुणवत्तेचा निम्मा निर्णय तेथेच होऊन जातो.

काल, आतप, अग्नी, सलिल, पवन व जंतू यांनी ज्याचे गंध, वर्ण, रस व स्पर्श बिघडलेले नाहीत असेच द्रव्य घ्यावे, असे चरकसंहितेच्या कल्पस्थानात सांगितले आहे. आमचे काही व्यवसायबंधू त्याच अध्यायाचा आधार देऊन म्हणतात की, पत्रांचे ग्रहण वर्षा व वसंत ऋतूंत सांगितलेले असताना पावसाळी पानास दोष कसला? युक्तिवाद चतुर आहे, पण अपुरा आहे. तेथे नुकत्याच फुटलेल्या कोवळ्या पानांचा उल्लेख आहे. आठवडाभर भिजून ओलेच पोत्यात कोंबलेल्या पानास तो कसा लागू व्हावा? शार्ङ्गधरांनी सरस औषधींच्या ग्रहणासाठी शरद ऋतू सांगितला, कारण त्या वेळी पाऊस ओसरलेला असतो.

आता त्या शरदाचाही भरवसा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये कुमाऊँ भागात अतिवृष्टी झाली. मुक्तेश्वर येथे चोवीस तासांत ३४०.८ मिलिमीटर पाऊस पडला. १८९७ पासूनच्या तेथील नोंदींत इतका पाऊस पूर्वी नव्हता. पायथ्याच्या पंतनगरला ४०३.२ मिलिमीटर नोंद झाली. डोंगरातील भांग याच सुमारास बियांवर आलेली असते.

अशा पावसात झाडाचे काय होते, हे आपण जाणून घेतले पाहिजे. उंच वाढलेले झाड वाऱ्याने लोळते. मुळाशी पाणी साचल्यास मूळकूज लागते. दाट फुलोऱ्यात शिरलेले पाणी लवकर निथळत नाही. थंड, दमट हवेत बॉट्रायटिस ही करडी बुरशी आतून सुरू होते आणि बाहेरून दिसेपर्यंत गाभा कुजलेला असतो. झोडपणाऱ्या सरींनी व गारांनी राळेच्या ग्रंथी झडतात. खालच्या पानांवर चिखलाचे शिंतोडे उडून मातीतील जंतू चिकटतात. ती पाने तोडणीत घेऊच नयेत, असे आमचे मत आहे.

यावरचे उपाय कोणत्याही भाजीपाला उत्पादकास ठाऊक आहेत. उताराच्या दिशेने चर काढून गादीवाफ्यावर लागण करावी, रोपांत हवा खेळेल इतके अंतर सोडावे, वाऱ्याच्या बाजूस आडोसा करावा आणि बांबूचा आधार द्यावा. मोठा पाऊस अपेक्षित असल्यास बांबूच्या सांगाड्यावर, चारही बाजू मोकळ्या ठेवून, प्लॅस्टिकचे छत उभारावे. तोच कागद झाडांवर थेट पांघरला तर आत वाफ धरते व बुरशीस आमंत्रण मिळते. पाऊस थांबताच झाडे हलकेच हलवून पाणी झटकावे. तोडलेला माल जमिनीवर न पसरता सावलीत, वाऱ्यावर, मांडवात वाळवावा.

शोधनाने सर्व निभावते, हा समज आपल्यात खोल रुजला आहे. पान हिरवा रंग जाईपर्यंत धुऊन, वाळवून, गोघृतात मंदाग्नीवर भाजणे ही प्रक्रिया विजयेचे स्वाभाविक दोष कमी करण्यासाठी आहे. साठवणीतल्या बुरशीने निर्माण केलेले अफ्लाटॉक्सिन नेहमीच्या स्वयंपाकाच्या उष्णतेने नष्ट होत नाही. जातीफलादी चूर्णात विजयेचे प्रमाण मोठे असते, आणि ते आपण देतो ग्रहणीच्या रुग्णास, ज्याचा अग्नी आधीच मंद आहे!

कायद्याची बाजूही विसरता येत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील गांजाच्या व्याख्येतून पाने व बिया वगळल्या आहेत, परंतु फुलोऱ्याचे शेंडे सोबत नसतील तरच. ओल्या मालाचे गठ्ठे होतात, त्यांत पानांना शेंडे चिकटून येतात आणि ते निवडणे कठीण जाते. उद्या तपासणीत प्रश्न उभा राहिला तर उत्तर फार्मसीच्या मालकास द्यावे लागेल, पुरवठादारास कदाचित नाही.

महाराष्ट्रात आपणांस ही लागवड करता येत नाही. आपण खरेदीदार म्हणूनच बोलू शकतो. उत्तराखंडाने २०१८ पासून कमी मादकतेच्या, तंतू व बियांसाठीच्या भांगेस परवाने देण्यास प्रारंभ केला. हिमाचल प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर व नौणी येथील विद्यापीठांमार्फत नियंत्रित लागवडीच्या पथदर्शी अभ्यासास मान्यता दिली. औषधी पानासाठी आपल्याला काय हवे, हे सांगण्याची हीच वेळ आहे. संघटनेने दोन्ही राज्यांच्या संबंधित खात्यांस लेखी कळवावे, आणि फार्मसीमालकांनी प्रत्येक पोत्यासोबत तोडणीची तारीख, तोडणीपूर्वीचा पाऊस व वाळवणीची पद्धत लिहून मागावी. असा माल किलोमागे काही रुपयांनी महाग पडेल. ते रुपये देण्याची आपली तयारी आहे काय, हे पुढील बैठकीतच ठरवावे.