लघुपटांतील सालोमालो

नांदेड-लातूरकडील महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनीं केलेले लघुपट पाहण्याचा योग आम्हांस अलीकडे वारंवार येतो. ते पाहून आमचें जें मत बनलें आहे तें कडू आहे, व तें साखरेंत घोळून सांगण्याची आमची इच्छा नाहीं. या लघुपटांचीं पहिलीं दोन मिनिटें कोणासहि न पाहतां सांगतां येतील. प्रथम काळा पडदा. त्यावर एखाद्या थोर पुरुषाचें वचन, बहुधा त्यानें कधींहि न उच्चारलेलें. मग ड्रोनमधून दिसणारें गांव. मग भेगाळलेली जमीन. मग झाडाच्या फांदीला लोंबणारा दोर व त्यामागें मावळणारा सूर्य. या सगळ्यांखालीं बासरी, आणि बासरीवर एका भारदस्त आवाजांतलें निवेदन, ज्यांतील एकहि क्रियापद निवेदकाच्या घरीं कोणी तसें उच्चारीत नाहीं. एवढें झाल्यावर दिग्दर्शकाचें नांव येतें आणि लघुपट सुरू होतो. पंधरा मिनिटांपैकीं दोन तोंवर खर्ची पडलेलीं असतात.

यांत बिघडलें काय, असें कोणी विचारील. शेतकऱ्याचें दुःख दाखवूं नये काय? अवश्य दाखवावें. परंतु कोणत्या शेतकऱ्याचें व कोणतें दुःख, हें दाखविणाऱ्यास ठाऊक असावें, इतकीच आमची मागणी आहे. हिमायतनगराचेंच उदाहरण घेऊं. जुनीं माणसें ज्यास अजून वाढोणा म्हणतात तें हें गांव नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य अंगास आहे. उत्तरेस पैनगंगा, ती ओलांडली कीं विदर्भ लागला. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी आगगाडी येथें थांबते, आणि त्याच वाटेनें पुढें गेलें कीं काळ्या खडकांवरून कोसळणारा सहस्रकुंडाचा धबधबा भेटतो. इकडचा पाऊस बीड-धाराशिवच्या पावसाहून बराच अधिक. शिवारांत कापूस आणि सोयाबीन. येथील कुणब्याचें दुःख खरें आहे, पण तें पुष्कळदां पाण्याखालीं बुडालेलें असतें. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत मराठवाड्यावर जी अतिवृष्टि कोसळली तिनें नांदेड जिल्ह्यांत शेतांचीं तळीं केलीं. असा पाऊस लांबला म्हणजे सोयाबीनच्या शेंगांना उभ्या झाडावरच मोड येतात. मोड आलेली शेंग ज्यानें बापाच्या तळहातावर पाहिली आहे, तो मुलगा कॅमेरा हातीं येतांच भेगाळलेली जमीन शोधीत रानोमाळ हिंडतो! ती सांपडली नाहीं, तर आटलेल्या डबक्याचा वीतभर तळ अगदीं जवळून टिपून तोच आमचा मराठवाडा म्हणून आमच्यापुढें ठेवतो.

हा मराठवाडा त्यानें पाहिलेला नाहीं. वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांनीं व वृत्तवाहिन्यांनीं तो त्यास पुरविला आहे. आणि जेथें दुष्काळ खरोखर पडला तेथें तरी हें चित्र खरें होतें काय? २०१६ सालीं लातूर शहर तहानलें तेव्हां मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिली गाडी एप्रिलांत दहा टाक्यांतून सुमारें पांच लाख लिटर पाणी घेऊन आली. त्यापूर्वीं मार्चांत पाण्याच्या टाक्यांभोंवतीं जमाव जमूं नये म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. पाण्यासाठीं जमावबंदी! याहून भयंकर आरंभ कोणत्या चित्रपटास मिळणार आहे? रांगेंत ठेवलेल्या रिकाम्या घागरी, मालकिणीच्या जागीं उभी असलेली एकेक घागर, आणि तेथें पांच माणसांनीं एकत्र उभें राहूं नये असें सांगणारा शिपाई. या दृश्यास ना बासरी लागते, ना वचन. परंतु लातूरच्या दुष्काळावर आम्हीं जे लघुपट पाहिले त्यांत भेगा होत्या. ही रांग नव्हती.

या प्रथेच्या बाजूनें तीन गोष्टी सांगण्यांत येतात. पहिली अशी कीं, आजचा प्रेक्षक उतावीळ आहे. पहिल्या अर्ध्या मिनिटांत त्यास पकडलें नाहीं तर तो अंगठ्यानें चित्र वर सरकवून मोकळा होतो. दुसरी, विद्यार्थी गरीब आहेत, साधनें अपुरीं आहेत. तिसरी, अनुकरणावांचून कोणतीहि विद्या येत नाहीं. पहिलीस उत्तर सोपें आहे: शंभर वेळां पाहिलेल्या चित्रानें उतावीळ माणूस थांबत नसतो, तो अधिकच लवकर पळतो. उरलेल्या दोहोंकडे मात्र नीट पाहिलें पाहिजे, कारण त्या बोलण्यांत थोडें तथ्य आहे.

साधनांच्या गरिबीची तक्रार आमच्या कानीं आली कीं आम्हांस दादासाहेब फाळके यांची वाटाण्याची कुंडी आठवते. १९१२ सालीं विलायतेहून कॅमेरा घेऊन परतलेल्या या गृहस्थाजवळ 'राजा हरिश्चंद्र' काढण्यास भांडवल नव्हतें, आणि भांडवल देणाऱ्यांचा चलच्चित्रावर विश्वास नव्हता. त्यांनीं एका कुंडींत वाटाणे पेरले, तिच्यापुढें कॅमेरा मांडला, आणि महिन्याहून अधिक काळ थोडेंथोडें चित्रण करीत राहिले. बीं फुटलें, कोंब वर आला, वेल झाली. पडद्यावर हें सारें मिनिटभरांत घडलें. भांडवल उभें राहिलें. मराठी माणसानें केलेला हा पहिला विद्यार्थी-लघुपट होय, असें आम्ही समजतों. शिकणाराहि तेच व परीक्षा घेणारे सावकार. त्यांत नट नाहीं, कथा नाहीं, पल्लेदार वचन नाहीं. एक कुंडी आणि महिनाभराची चिकाटी आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या खिशांतील फोन फाळक्यांच्या हातानें फिरवावयाच्या कॅमेऱ्याहून कितीतरी सोयीचा आहे. त्याजवळ नाहीं तो महिना.

आतां अनुकरण. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० पासून ज्या आवारांत आहे तें पूर्वीं प्रभात कंपनीचें होतें, आणि दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ सालीं तेथूनच निघाला. पुढच्या वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला, हें सर्वांस माहीत असतें. त्याचा आरंभ कसा आहे हें मात्र चित्रपट शिकविणाऱ्यांसहि विचारावें लागतें. तुकाराम डोळे मिटून आपल्याच तंद्रींत गात बसला आहे. कॅमेऱ्यास घाई नाहीं. त्यानंतर तोच अभंग आपणांस सालोमालोच्या तोंडून ऐकूं येतो: श्रोत्यांपुढें, हातवारे करीत, ताना घेत, आणि तुकारामाचे शब्द आपलेच आहेत असें भासवीत. शब्द तेच, माणूस बदलला. त्या एका सांध्यावर, एकाहि वाक्याचें निवेदन न देतां, पुढील साऱ्या चित्रपटाचें वैर उभें राहतें. संकलन म्हणजे काय हें ज्यास कळून घ्यावयाचें आहे त्यानें हा सांधा दहा वेळां पाहावा.

आमच्या नवशिक्या दिग्दर्शकांनीं अनुकरण करावें तर अशा सांध्याचें करावें. परंतु ते सांध्याचें करीत नाहींत, ते सालोमालोचें करितात. दुसऱ्यानें पाहिलेली भेग, दुसऱ्यास सुचलेला दोर, दुसऱ्याच्या गळ्यांतील निवेदन घेऊन ते हातवाऱ्यांसह गातात. सालोमालोला निदान इतकी लाज होती कीं त्यानें चोरी केली ती तुकारामाच्या घरीं!

चित्रीकरणाकडे वळूं. पहिल्या दृश्याचा पहिला प्रश्न कॅमेरा कोठें ठेवावा हा नसून कोण पाहत आहे हा आहे. ड्रोन आकाशांतून पाहतो. पण हिमायतनगरांत आकाशांतून गांव कोण पाहतो? घार. तुमची कथा घारीची असेल तर ड्रोन अवश्य उडवा. ती जर दहा वर्षांच्या मुलीची असेल, तर त्या मुलीच्या डोळ्यांची उंची सवाचार फूट धरा आणि कॅमेरा तेथें आणा. मग बसस्थानक, बाजार, बापाचे हात हें सर्व निराळेंच दिसूं लागेल. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चा (२०१३) आरंभ आठवा: बाभळीच्या रानांत बेचकी घेऊन काळ्या चिमणीच्या मागें लागलेला जब्या. मुलगा कोण, कोणत्या जातीचा, त्यास काय हवें आहे, हें कोणी सांगत नाहीं. तो पक्ष्याकडे पाहतो आणि आपण त्याच्याकडे. हेच मंजुळे करमाळ्याकडचे. अहमदनगरच्या महाविद्यालयांत शिकत असतां त्यांनीं 'पिस्तुल्या' हा लघुपट अभ्यासाचा भाग म्हणून केला व त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. करमाळा हें हिमायतनगराहून कांहीं मोठें विद्यापीठ नव्हे.

दृश्यापेक्षांहि अधिक हेळसांड ध्वनीची होते. फोनमधील माइक वाऱ्याचा घोंघाट टिपतो, तेव्हां ध्वनि काढून टाकावा आणि बासरी घालावी, हा आमच्याकडील रूढ उपाय. पण गांवाचें गांवपण पुष्कळसें कानांतच राहतें. उमेश कुलकर्णी यांनीं पुण्याच्या संस्थेंत पदविकेसाठीं केलेला 'गिरणी' पाहावा. विधवा आईनें पोटासाठीं घरांत गिरणी आणली आहे, आणि तिची घरघर एका लहान मुलाचें घर गिळून टाकते. गिरणीचा आवाज काढून तेथें सतार घातली असती तर काय उरलें असतें? पीठ! हिमायतनगरास तर आवाजांची श्रीमंती आहे. आदिलाबादच्या गाडीची शीळ, कापसाच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याची धडधड, महाशिवरात्रीच्या सुमारास परमेश्वराच्या यात्रेंतील गलका, बाजारांत एकाच भावासाठीं मराठी, तेलुगू, दखनी आणि बंजाऱ्यांची गोरमाटी यांतून चाललेली घासाघीस. "काय करायलास रे?" असें आई दाराआडून विचारते तें वाक्य आधीं ऐकूं यावें, आणि मग दार दिसावें; आवाजानें चित्रापुढें दोन पावलें चालावें, ही संकलनांतली अगदीं जुनी युक्ति आहे व तिला दमडीचाहि खर्च नाहीं. परंतु आईचें "करायलास" हें अशुद्ध आहे असें आमच्या मुलांना शाळेंतच शिकवून ठेवलेलें असतें. म्हणून लघुपटांतली आई "काय करतो आहेस बाळा?" असें म्हणते. मराठवाड्यांतल्या घराघरांत एवढे बाळ कोठून आले हें आम्हांस न उलगडलेलें कोडें आहे.

संकलनांतील मोठी खोड अशी कीं, गाणें आधीं निवडतात आणि त्याच्या ठेक्यावर चित्रें कापतात. दृश्य किती वेळ ठेवावें हें मग दृश्य ठरवीत नाहीं, तबला ठरवितो. बाई चुलीपुढें फुंकर घालते. धूर उठून तिच्या डोळ्यांत जावयाच्या आंतच ठेका पडतो व दृश्य तुटतें. वस्तुतः पाहण्यासारखें होतें तें नेमकें त्या पुढच्या दोन सेकंदांत. ज्यास तोडावयाचें आहे त्यानें आवाज बंद करून चित्र पाहावें, क्रिया कोठें पुरी होते तें शोधावें, आणि मग कात्री चालवावी. संगीत हवेंच असेल तर तें शेवटीं यावें, पाहुण्यासारखें, घरमालकासारखें नव्हे.

दुःखाची खूण एकच पुरते, हें आमच्या पूर्वसूरींस चांगलें ठाऊक होतें. बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश' (१९२५) या मूक चित्रपटांतील रात्रीची झोंपडी व तिच्यापाशीं रडणारें कुत्रें ज्यांनीं पाहिलें ते तें दृश्य जन्मभर सांगत राहिले. मूकपटांत कुत्र्याचें रडणें ऐकूं येत नव्हतें, तरी तें ऐकूं आलें. आणि शेतकऱ्याची आत्महत्त्या हाच विषय घ्यावयाचा तर सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) समोर आहे: नवरा जीव देईल या धास्तीनें बायको त्यास गोडधोड करून घालते आणि त्याच्यामागें मुलास व सासूस पाळतीवर ठेवते. दोराचें चित्र जें सांगूं शकत नाहीं तें या पाळतीनें सांगितलें आहे, आणि वर हंसविलेंहि आहे.

दोष सगळा विद्यार्थ्यांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. हीं मुलें तेंच करितात ज्यास बक्षीस मिळतें. स्पर्धांचे परीक्षक भेगा पाहिल्या कीं 'सामाजिक आशय' या रकान्यांत गुण देतात, आणि ड्रोन दिसला कीं 'तांत्रिक बाजू' या रकान्यांत. एका स्पर्धेंत एका मुलीनें आपल्या आजीचें कापूस वेंचणें चार मिनिटें न तोडतां दाखविलें होतें. आजीची पाठ, ओटी, आणि बोंडाच्या टोंकानें दर वेळीं ओरखडणारीं बोटें. परीक्षकांचा अभिप्राय पडला कीं आरंभ संथ आहे. त्यास संथ म्हणणाऱ्यांपैकीं कोणीं दिवसभर कापूस वेंचला होता, हें विचारण्याचें धैर्य त्या सभागृहांत कोणास झालें नाहीं. पुढच्या वर्षीं त्या मुलीच्या लघुपटांत ड्रोन होता.

तेव्हां आमची सूचना परीक्षकांस व अध्यापकांस आहे. यापुढें लघुपट पाहावयास बसलां म्हणजे पहिलीं दोन मिनिटें पडद्यावर कापड टाका आणि नुसता ध्वनि ऐका. तो हिमायतनगरचा आहे कीं सांगलीचा, पावसाळ्यांतला आहे कीं उन्हाळ्यांतला, बोलणारी बाई शेतांत आहे कीं घरांत, हें सांगतां येत नसेल तर लघुपट परत पाठवा. त्यानंतर ध्वनि बंद करून तींच दोन मिनिटें चित्र पाहा. आणि भेग दिसली, तर ती कोणत्या गट नंबरांतली आहे व त्या शेताचा मालक कोण, हें दिग्दर्शकास भर सभेंत विचारा.