समुद्रापारचे शिलेदार

1924 सालच्या ऑगस्ट महिन्यात सामोआच्या आपिया या बंदरगावी फिजी आणि पश्चिम सामोआ यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना झाला, तो सकाळी सात वाजता सुरू करण्यात आला होता. कारण खेळ आटोपून यजमान खेळाडूंना आपापल्या कामावर वेळेत हजर व्हावयाचे होते. मैदानाच्या मध्यावर एक झाड उभे होते आणि ते तोडण्याची निकड कोणास भासली नव्हती. फिजीने तो सामना सहा विरुद्ध शून्य असा जिंकला, सामोआचे गडी कामावर गेले, आणि पाहुणे पुढे जहाजाने टोंगाकडे निघाले. घर सोडून दूर खेळावयास जाणे याचा अर्थ त्या काळी एवढाच होता: काही आठवड्यांची सफर, पाहुणचार आणि परतीचे जहाज.

ते परतीचे जहाज 1995 च्या ऑगस्टअखेरीस रद्द झाले असे म्हणावयास हरकत नाही. त्या महिन्यात पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने हौशीपणाचा शतकभराचा दंडक मोडीत काढला आणि खेळाडूला खेळाबद्दल उघडपणे मुशाहिरा घेण्याची मुभा दिली. ठराव करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लंडन, सिडनी आणि जोहान्सबर्ग असावीत. पण त्याचा परिणाम ज्यांच्या घरादारापर्यंत सर्वांत खोल गेला, ते लोक प्रशांत महासागरातील तीन चिमुकल्या देशांचे होते. फिजीची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास, सामोआची दोन लाख आणि टोंगाची एक. तिन्ही एकत्र केले तरी आपला रत्नागिरी जिल्हा भरत नाही. एवढ्याशा वस्तीने 1991 मध्ये कार्डिफला वेल्सचा, 2011 मध्ये वेलिंग्टनला फ्रान्सचा आणि 2023 मध्ये लंडनमध्ये खुद्द इंग्लंडचा पराभव करावा, आणि तरीही तेथल्या उत्तम खेळाडूला पोटासाठी त्याच वेल्स-फ्रान्स-इंग्लंडच्या क्लबांच्या दारी जावे लागावे, ही आजची स्थिती आहे.

एकाच घराचे उदाहरण घेऊ. सामोआच्या सवाई बेटावरील फोगापोआ या गावचे तुइलागी बंधू सहा. थोरला फ्रेडी इंग्लंडात लेस्टरच्या क्लबाकडे गेला, आणि मग आपल्याकडे गिरणीत लागलेला थोरला भाऊ जसा धाकट्याला खोलीवर बोलावून घेई तसे, एकामागून एक, सहाही जण त्याच क्लबाच्या अंगरख्यात उतरले. पाच जण सामोआकडून आंतरराष्ट्रीय सामने खेळले. सर्वांत धाकटा मनू तेरा वर्षांचा असताना सुट्टीच्या परवान्यावर भावांकडे आला तो तेथेच राहिला, शिकला, वाढला. 2010 साली सरकारी दप्तराला त्याचा परवाना कधीच संपल्याचे स्मरण झाले आणि त्याला देशाबाहेर घालविण्याची तयारी सुरू झाली. अर्जविनंत्या झाल्या, हुकूम फिरला, आणि पुढल्याच वर्षीच्या विश्वचषकात तो इंग्लंडकडून आणि त्याचा भाऊ अलेसाना सामोआकडून खेळला. ज्याला हाकलावयाचे होते त्यालाच वर्षभरात राष्ट्राचा पोशाख चढविणाऱ्या दप्तराची गंमत वाटते खरी, परंतु त्या आईबापांच्या ओसरीवरून हा विश्वचषक कसा दिसला असेल, हा विचार मनातून जात नाही.

फिजी हे नाव भारतीय वाचकाला रग्बीपेक्षा गिरमिटामुळे अधिक परिचयाचे आहे, आणि येथे इतिहासाने एक विलक्षण फेरा घेतलेला दिसतो. 1879 साली ‘लिओनिदास’ हे जहाज हिंदुस्थानी मजूर घेऊन फिजीला लागले आणि 1916 पर्यंत सुमारे साठ हजार माणसे उसाच्या मळ्यांत राबावयास तेथे नेण्यात आली. ती का नेली? कारण तेथील गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांचे धोरण असे होते की मूळच्या फिजीकरांचे गाव, त्यांची जमीन आणि त्यांची भाऊबंदकी मळ्याच्या मजुरीने विस्कटू नये. म्हणून मजुरी परक्यांनी करावी. फिजीकर ज्याला ‘वनुआ’ म्हणतात त्या शब्दात जमीन, तिच्यावरचे लोक, त्यांचे पूर्वज आणि परस्परांची कर्तव्ये ही सारी एकत्र येतात; आपल्या जुन्या कागदपत्रांतील ‘वतन’ हा शब्द त्याच्या जवळपास जातो. ते वनुआ अबाधित राहावे म्हणून बिहार, अवध आणि मद्रासेकडल्या माणसांची वतने सुटली. आणि आता शंभर वर्षांनी, त्याच जपलेल्या गावांतली मुले मुदतबंद करारनाम्यावर अंगठ्याऐवजी सही करून क्लेरमाँ, तुलाँ आणि ब्रिस्टलला चालली आहेत. तुलना फार ताणू नये. गिरमिटियाच्या पाठीवर चाबूक होता, यांच्या खात्यात पगार असतो, आणि तो पगार गावच्या मानाने थोर असतो. परंतु कराराची भाषा वाचता न येणारा अठरा वर्षांचा मुलगा आणि ती उत्तम वाचता येणारा दलाल, ही जोडी दोन्ही कथांत आहे.

अठरा हा आकडा मी सहज घातलेला नाही. फ्रान्सच्या व्यावसायिक रग्बीत असा नियम आहे की प्रत्येक क्लबाने देशात घडलेले खेळाडू ठरावीक संख्येने खेळविलेच पाहिजेत. हेतू परदेशी भरती आवरण्याचा आणि तो रास्तच होता. पण ‘देशात घडलेला’ याची व्याख्या जन्मावरून किंवा नागरिकत्वावरून केलेली नाही; एकविसाव्या वर्षापूर्वी तीन हंगाम फ्रेंच प्रबोधिनीत काढलेला कोणीही त्या व्याख्येत बसतो. मग क्लबांनी सरळ हिशोब केला: पंचविशीचा तयार फिजीकर आणला तर तो परदेशी ठरतो, सतरा-अठराचा कोवळा आणला तर तो तीन वर्षांत फ्रेंच मानला जातो. क्लेरमाँच्या क्लबाने तर फिजीतल्या नांद्रोंगा प्रांतात आपली शाखाच काढली होती. नोआ नाकाइतासी आणि अलिवेरेती राका हे पुढे फ्रान्सकडून खेळलेले दोघेही त्याच वाटेने गेले. दोघांचे भाग्य उजळले. जे त्या वाटेने गेले आणि गुडघा मोडून किंवा नुसतेच नापसंत होऊन मागे पडले, त्यांची नावे कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

आता या मुलाच्या पैशाकडे पाहा. फिजीत ‘केरेकेरे’ नावाचा शिरस्ता आहे: भाऊबंदाने गरज सांगून काही मागितले तर नाही म्हणावयाचे नसते, आणि आपण मागितल्यास त्यानेही नाही म्हणावयाचे नसते. सामोआत ‘फाअलावेलावे’ आहे, म्हणजे लग्न, मयत, पदवीग्रहण अशा प्रसंगी साऱ्या गोतावळ्याने उचलावयाचा भार. गावात सगळेच सारखे असतात तोवर हे चक्र सुरेख फिरते. कोणाचे रताळे, कोणाची मासळी, कोणाचे श्रम. पण एकजण युरोपात जाऊन महिन्याला गावाच्या वर्षाइतके कमावू लागला की मागणी सगळीकडून त्याच्याकडे येते आणि त्याने उलट मागावे असे कोणाजवळ काही उरत नाही. कोकणातल्या वाचकाला हे निराळे समजावून सांगावयास नको. मुंबईच्या चाळीतून दरमहा निघणाऱ्या मनीऑर्डरीवर कौले शाकारली जात, बहिणींची लग्ने होत आणि चतुर्थीला गावी आलेल्या चाकरमान्याच्या पेटीकडे साऱ्या वाडीचे डोळे लागत, ते दिवस फार जुने नाहीत. टोंगाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चाळीस टक्के एवढा पैसा आज परदेशातल्या आप्तांकडून येतो. त्यात शेतमजूर आहेत, परिचारिका आहेत, आणि रग्बीचे खेळाडूही आहेत. चाकरमान्याला मात्र निदान रात्रीच्या बोटीचे तिकीट परवडत असे.

म्हणून, ‘पैशासाठी देश सोडला’ असा ठपका या मुलांवर ठेवणाऱ्यांशी माझे जमत नाही. असा ठपका बहुधा तेच ठेवतात ज्यांना स्वतःला कधी घर सोडावे लागले नाही, किंवा ज्यांनी ते सोडून त्याला उच्च शिक्षण असे नाव दिले. माझी तक्रार हिशोबाची आहे. मराठी फौजेत बारगीर आणि शिलेदार असा भेद असे. बारगिराला घोडा सरकार देई, शिलेदार आपला घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई, आणि घोडा लढाईत पडला तर शिलेदाराचे दैव फिरे. रग्बीचा खेळाडू हा अस्सल शिलेदार आहे. त्याचा घोडा म्हणजे त्याचे शरीर. फरक इतकाच की हा घोडा त्याने एकट्याने पोसलेला नसतो. आजोळच्या मळ्याने, देवळातल्या रविवारच्या जेवणाने, चिखलात अनवाणी खेळविणाऱ्या शाळामास्तराने तो पोसलेला असतो. मोहिमेची लूट वाटताना त्या पोसणाऱ्यांचे नाव कोणत्याच यादीत निघत नाही.

हे अलंकारिक बोलणे नव्हे. आंतरराष्ट्रीय सामन्यातील तिकीटविक्रीचे उत्पन्न यजमान संघटनेने ठेवावे असा रग्बीतला प्रघात आहे. लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर ऐंशी हजार माणसे फिजीचा किंवा सामोआचा खेळ पाहावयास पैसे मोजून बसतात आणि पाहुण्या संघटनेच्या पदरी त्यातले हक्काचे काही पडत नाही. उलटभेट झाली तर फेड होईल, असे या प्रघातामागचे तर्कशास्त्र. पण न्यूझीलंडच्या ज्या ऑल ब्लॅक्स संघात सामोआच्या रक्ताची माणसे पिढ्यान्‌पिढ्या खेळली, त्याने आपियात पहिला कसोटी सामना खेळावयास 2015 साल उजाडावे लागले. 2017 च्या नोव्हेंबरात इंग्लंड आणि सामोआ यांचा सामना झाला तेव्हा वृत्तपत्रांनी जे आकडे छापले ते असे: इंग्लंडच्या खेळाडूला त्या एका सामन्याबद्दल सुमारे 22,000 पौंड, सामोआच्या खेळाडूला सुमारे 650. त्याच सुमारास सामोआचे पंतप्रधान आपली रग्बी संघटना दिवाळखोर झाल्याचे सांगत होते.

त्यात राष्ट्रीयत्वाचा नियम कितीतरी वर्षे बेटांच्या मुळावर आला. तीन वर्षे राहिलेल्याला नव्या देशाकडून खेळता येई, आणि एकदा एका देशाकडून एक सामना जरी खेळला की जन्मभूमीचे दार कायमचे बंद होई. पुढे मुदत पाच वर्षांची झाली, आणि 2022 च्या आरंभापासून अशी सवलत मिळाली की तीन वर्षे आंतरराष्ट्रीय खेळापासून दूर राहिलेल्या खेळाडूला जन्माच्या किंवा पूर्वजांच्या देशाकडे एकदाच परतता यावे. त्यायोगे ऑस्ट्रेलियाचा इझ्रायल फोलाऊ आणि न्यूझीलंडचे चार्ल्स पिउताऊ व मलाकाई फेकितोआ टोंगाच्या लाल पोशाखात दिसले. उमेदीची वर्षे परक्यांना देऊन झाल्यावर का होईना, घोडा घरी परतला.

माझ्या मते यावरचा उपाय मुलांना अडविण्यात नाही, चाकरी घराजवळ आणण्यात आहे. आणि तो कल्पनेतला उपाय राहिलेला नाही. 2022 साली ‘फिजीयन द्रुआ’ हा फिजीतच वसलेला व्यावसायिक संघ ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सुपर रग्बी स्पर्धेत दाखल झाला. द्रुआ म्हणजे जुन्या काळची दोन कण्यांची समुद्रगामी होडी. पगार घेऊन रात्री आपल्या माणसांत परतता येते ही गोष्ट फिजीच्या खेळाडूने प्रथमच अनुभवली, आणि पुढल्याच वर्षीच्या विश्वचषकात, ज्या संघात द्रुआची मुले मोठ्या संख्येने होती त्या फिजीने ऑस्ट्रेलियाला एकोणसत्तर वर्षांनी हरविले. सामोआ-टोंगाच्या नावे निघालेला ‘मोआना पासिफिका’ मात्र ऑकलंडात वसला आहे, आणि आपिया किंवा नुकुआलोफातल्या पोराला त्याकडून खेळावयाचे तर सामान बांधणे चुकत नाही. द्रुआतूनही पुढे फ्रान्सला जाणारे आहेत. ते खुशाल जावोत. स्वखुशीने जाणाऱ्याची आणि दुसरे दारच नसलेल्याची बोट एकच असली तरी प्रवास एक नसतो.

त्याच विश्वचषकातली एक गोष्ट सांगावयाची राहिली. फिजीचा जोसुआ तुइसोवा हा तुलाँ, लियाँ आणि पॅरिसच्या क्लबांतून कीर्ती मिळविलेला, धिप्पाड देहाचा खेळाडू. बोर्दो येथे जॉर्जियाशी सामना व्हावयाच्या वेळी त्याला घरून निरोप आला की दीर्घकाळ आजारी असलेला त्याचा सात वर्षांचा मुलगा फिजीत वारला. जगाच्या पलीकडल्या कडेला दफन व्हावयाचे होते; तो गेला नाही, संघाबरोबर थांबला आणि खेळला. फिजीने सामना सतरा विरुद्ध बारा असा जिंकला. सामना संपल्यावर प्रशिक्षक सायमन रायवालुई यांनी ही वार्ता पत्रकारांना सांगितली; मैदानात बसलेल्या लोकांनी तोवर त्याला ज्या टाळ्या दिल्या होत्या, त्या नुसत्या खेळाबद्दलच्या होत्या.