मतदार आमचे, मतं राहू द्या

महाराष्ट्रातल्या सर्व पक्षांच्या खासदार-आमदारांस,



पत्र सगळ्यांना मिळून एकच लिहिते आहे, कारण तक्रार सगळ्यांबद्दल आहे. कुणी एकट्याने मनाला लावून घेऊ नये, आणि कुणी एकट्याने सुटूही नये.

मी बीड जिल्ह्यातली. आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून आगाऊ उचल अंगावर घेऊन टोळी निघते, ती कोल्हापूर, सांगली, सातारा, नाही तर थेट कर्नाटकात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. असे किती लोक जातात, याचा धड आकडाही राज्याकडे नाही. कुणी आठ लाख म्हणतं, कुणी बारा, कुणी पंधरा. भाषणात मात्र तुम्ही सगळे आम्हाला ‘माझा ऊसतोड बांधव’ म्हणता.

या बांधवांचं २० नोव्हेंबर २०२४ ला काय झालं, ते आठवून बघा. विधानसभेचं मतदान २००९ ला १३ ऑक्टोबरला होतं, २०१४ ला १५ ऑक्टोबरला, २०१९ ला २१ ऑक्टोबरला. तिन्ही वेळा दिवाळीच्या आधी, त्यामुळे बरीचशी माणसं गावातच होती. २०२४ ला आधी दिवाळी उरकली, १५ नोव्हेंबर ही गाळप सुरू करायची तारीख ठरली आणि त्यानंतर पाच दिवसांनी मतदान आलं. यादीत आईचं नाव गावात आणि आई उसाच्या फडात. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यावी, असं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १३५ ब हे कलम सांगतं. वाचायला फार छान वाटतं. टनावर मजुरी असलेल्या बाईला पगारी सुट्टी कोण देणार? जायचं, बोटाला शाई लावून परत फडावर यायचं, यात दोन-तीन दिवस बुडतात आणि तेवढी उचल फिटायची राहते. फडावरच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत ठेवलेली पोरं आणि बैलं कुणावर सोडायची, हे तर विचारूच नका.

नाव तिकडेच नोंदवा, असा सल्ला शहरातले लोक देतात. कुठे? टोळी आज या शिवारात, पंधरा दिवसांनी त्या शिवारात. शिवाय तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणसाचं राहतं ठिकाण बदलत नाही, हे १९५० च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. कायद्याच्या हिशेबानं आम्ही बारा महिने गावातच असतो.

मतदानाला आम्हाला कुणी आणतच नाही, असंही नाही. १५ जानेवारी २०२१ ला राज्यातल्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान झालं, १८ डिसेंबर २०२२ ला साडेसात हजारांवर. दोन्ही ऐन हंगामात. तेव्हा फडाच्या कडेला जीप येऊन उभी राहते, मुकादमाशी बोलणी होतात, जेवणखाण होतं, कारण गावात पाच-पंचवीस मतांवर सरपंच ठरतो. ज्याची गाडी, त्याचं मत. विधानसभेला अशी वाहतूक उमेदवारानं केली, तर कायदा तिला भ्रष्ट आचरण म्हणतो. म्हणजे आमचा हक्क एक तर बुडवायचा, नाही तर दुसऱ्याच्या डिझेलवर बजावायचा.

डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगानं दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव काढला, तेव्हा खरंच आशा वाटली होती. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांची मतं घेता येतील, माणूस असेल तिथूनच आपल्या गावच्या उमेदवाराला मत देईल. १६ जानेवारी २०२३ ला आठ राष्ट्रीय आणि ५७ प्रादेशिक पक्षांना यंत्र बघायला बोलावलं. आदल्याच दिवशी विरोधी पक्ष दिल्लीत जमले आणि एकमुखानं नाही म्हणाले. स्थलांतरित म्हणजे नक्की कोण, त्याची व्याख्या कुठे आहे, परराज्यातल्या केंद्रावर पोलिंग एजंट कोण बसवणार, मुळात यंत्रावर विश्वास का ठेवायचा? प्रश्न खोटे नव्हते. छोट्या पक्षाला दुसऱ्या राज्यात एजंट कुठून मिळणार, हे मलाही कळतं. पण प्रश्न विचारणाऱ्यानं उत्तर शोधायला बसावं लागतं. तुम्ही प्रश्न विचारून उठून गेलात. यंत्र दाखवायचंसुद्धा राहिलं.

सत्तेतल्यांनी लगेच हसू नये. दूरस्थ मतदानासाठी १९५० आणि १९५१ च्या दोन्ही कायद्यांत बदल लागतील, असं आयोगानं स्वतः लिहून दिलं होतं. बहुमत तुमच्याकडे होतं. विधेयक कुठे आहे? डिसेंबर २०२१ मध्ये मतदार यादीशी आधार-जोडणीचं निवडणूक कायदा विधेयक विरोधक समितीकडे पाठवा म्हणत असताना दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून काढलंत. एवढी घाई करता येते, हे आम्ही पाहिलं आहे. आमच्या वेळी ती कुठे गेली?

सगळ्यात जास्त लागलं ते पुढचंच. तुमचं एकमेकांशी जमत नाही, असं नाहीच मुळी. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे, दोन विरुद्ध गोटांतले नेते, ऊसतोडीच्या दरासाठी लवाद म्हणून एकत्र बसले आणि ३४ टक्के वाढीवर तडजोड झाली. टनाला २७३ चे ३६६ झाले. दरावर तडजोड झाली, कारण आम्ही कोयता खाली ठेवला तर कारखाना बंद पडतो. मत नाही दिलं तर कुणाचं काहीच बंद पडत नाही.

आता उपाय. यंत्रावर भांडण आहे ना? मग यंत्र बाजूला ठेवा. १९५१ च्या कायद्याच्या ६० व्या कलमाखाली आयोगाला सरकारशी विचारविनिमय करून एखाद्या वर्गाला टपाली मतदानाची मुभा देता येते. आज ती ८५ वर्षांवरच्या वृद्धांना आहे, दिव्यांगांना आहे, अत्यावश्यक सेवेतल्यांना आहे, मतदानाचं वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांनाही आहे. यात ऊसतोड मजूर का नाही? विरोधकांना कागदी मतपत्रिका हवी असते. टपाली मतपत्रिका कागदाचीच असते. स्थलांतरित कोण, हा प्रश्नही इथं सोपा आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, ग्रामसेवकाच्या सहीची ओळखपत्रं आहेत. यादी अपुरी असेल तर पुरी करा, ते काम नाहीतरी राहिलेलंच आहे.

एक भीती मात्र मला आहे, आणि ती तुम्ही कुणी बोलून दाखवलेली नाही. मतपत्रिका कोपीवर आली तर ती मुकादम भरेल. म्हणून ती हातात देऊ नका. निवडणूक कर्मचाऱ्यांसाठी टपाली मतदानाचं सुविधा केंद्र असतं, तसं ऊसपट्ट्यातल्या तहसिलीत मतदानाच्या आधी चार-पाच दिवस ठेवा, आडोशासह, सर्व पक्षांच्या एजंटांसमोर. राज्यातल्या राज्यात एजंट नाहीत, असं तुमच्यापैकी कुणालाच म्हणता येणार नाही. कर्नाटकातल्या टोळ्यांचा प्रश्न अवघड आहे, तो दुसऱ्या टप्प्यात घ्या. पण पहिला टप्पा तरी घ्या.

आमची मतं कुणाला पडतील, याचा हिशेब करत बसू नका. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणणारी एकसष्टावी घटनादुरुस्ती १९८८ मध्ये याच संसदेनं केली. नव्या पोरांची मतं कुणाच्या पदरात पडतील, हे तेव्हाही कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढची विधानसभा निवडणूक वेळेवर झाली, तर ती २०२९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच येईल. ही टपाली मतदानाची मुभा मागणारं, आयोगाला द्यायचं पत्र एका पानाचं आहे. त्यावर सगळ्या पक्षांच्या सह्या एकाखाली एक हव्या आहेत. आधी कुणी करायची यावर अडणार असाल, तर वर्णानुक्रमे करा.

आपली,
कोयत्यावरच्या आईबापांची लेक