परिचारिकेची परिचर्या

बरोबर शिकलेल्या किंवा बरोबर काम केलेल्या व्यक्तीची आठवण माणसे निरनिराळ्या रीतींनी जपतात. कोणी जुने छायाचित्र सांभाळून ठेवतो, कोणी पुण्यतिथीला फुले वाहतो, कोणी तिच्या नावाने पारितोषिक देतो. मुंबईच्या परळ भागातील के. ई. एम. रुग्णालयाच्या परिचारिकांनी आपल्या एका सहकारिणीची आठवण वेगळ्याच रीतीने जपली. त्यांनी ४१ वर्षांहून अधिक काळ तिची शुश्रूषा केली.

या सहकारिणीचे नाव अरुणा शानबाग. कर्नाटकच्या किनाऱ्यावरील हळदीपूर हे तिचे गाव. परिचारिका होण्याच्या ओढीने ती मुंबईत आली आणि के. ई. एम. रुग्णालयात काम करू लागली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, पाळी संपल्यानंतर रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलत असताना तेथील एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. साखळीने गळा आवळला गेल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला. तिची दृष्टी गेली, वाचा गेली, हालचाल जवळजवळ थांबली. त्या वेळी ती अवघ्या २५ वर्षांची होती. आरोपीला लूट आणि खुनाचा प्रयत्न या गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप मात्र त्याच्यावर ठेवलाच गेला नाही.

या घटनेनंतर मुंबईतील परिचारिकांनी संप पुकारला. अरुणाची नीट काळजी घेतली जावी आणि परिचारिकांना सुरक्षितपणे काम करता यावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पुढे १९८० च्या दशकात तिला दुसरीकडे हलवण्याचे प्रयत्न झाले, तेव्हाही परिचारिका आडव्या उभ्या राहिल्या आणि तो बेत सोडून द्यावा लागला. कालांतराने अरुणाचे आई-वडील निवर्तले. नातेवाइकांचा संपर्क फारसा उरला नाही. परिचारिकांच्या पिढ्या मात्र बदलत राहिल्या. तिला चालताबोलताना पाहिलेल्या परिचारिका निवृत्त झाल्या. हल्ल्याच्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशा मुली परिचारिका होऊन आल्या आणि त्यांनी ते काम आपल्या हाती घेतले.

हे काम म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेतले पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या शरीराचा भार माकडहाड, खुबे, टाचा अशा ठरावीक जागांवर पडत राहतो. तेथील रक्तपुरवठा मंदावतो, कातडी मरू लागते आणि खोल जखमा होतात. त्यांना शय्याव्रण म्हणतात. ते टाळण्यासाठी रुग्णाला दर दोन तासांच्या सुमारास कूस बदलून द्यावी लागते. अंग कोरडे ठेवावे लागते, चादरीवर सुरकुती राहू द्यायची नसते. घास श्वासनलिकेत जाणार नाही, अशा बेताने भरवावे लागते. आखडणारे सांधे हळुवारपणे हलवावे लागतात. यातले एकही काम डोळे दिपवणारे नाही. परंतु एका रात्रीची हयगय रुग्णाला महाग पडू शकते. अरुणाच्या अंगावर इतक्या वर्षांत एकही शय्याव्रण झाला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने आवर्जून घेतली.

अरुणाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले, ते एका वेगळ्या प्रश्नामुळे. तिचे चरित्र लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी अर्ज केला, की अशा अवस्थेतून तिला मुक्त होऊ द्यावे. न्यायालयाने तीन डॉक्टरांकडून तिची तपासणी करून घेतली आणि ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. काही अटींवर उपचार थांबवण्यास परवानगी देता येईल, असे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. अरुणाच्या बाबतीत मात्र तो अर्ज फेटाळला. तिच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार तिला इतकी वर्षे सांभाळणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. तिने जगावे, असेच त्यांचे म्हणणे होते. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाचा मृत्यू झाला.

विराणी यांचा अर्जही करुणेपोटीच होता आणि परिचारिकांचा विरोधही. या दोन करुणांमध्ये कोणती श्रेष्ठ, यावर देशभर पुष्कळ चर्चा झाली. ती आवश्यकही होती. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, त्यामागे त्या चर्चेचा मोठा वाटा होता. पण मरणाच्या हक्काविषयी इतके बोलणाऱ्या समाजाने शुश्रूषा करणाऱ्या हातांविषयी फार थोडा विचार केला. त्यांची स्तुती तेवढी केली.

परिचारिकेला आपण देवी म्हणतो, त्यागाची मूर्ती म्हणतो. या शब्दांमागची भावना खरी असेल. परंतु त्यांचा एक परिणाम असाही होतो, की आपली जबाबदारी संपल्यासारखे वाटू लागते. देवीला विश्रांती लागत नाही, वेतनाची वाढ लागत नाही, कपडे बदलण्यासाठी सुरक्षित खोली लागत नाही. माणसाला हे सर्व लागते. एरवी ज्यांना देवी म्हटले जाते त्यांनाच रुग्णाचे संतप्त नातेवाईक वेळप्रसंगी मोलकरणीसारखे वागवतात, हाही अनुभव दुर्मीळ नाही. देवी आणि दासी यांच्यामध्ये एक जागा आहे. ती शिकलेल्या, कुशल, बरोबरीच्या माणसाची आहे. ती जागा आपण परिचारिकेला अद्याप पुरती दिलेली नाही.

१९७३ साली एका परिचारिकेला कपडे बदलण्यासाठी तळघरात जावे लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या एका सरकारी रुग्णालयात रात्रपाळीत विसावा घेणाऱ्या तरुण महिला डॉक्टरची हत्या झाली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कार्यदल नेमले. रुग्णालयात स्त्रियांसाठी विश्रांतीची वेगळी जागा असावी, ही साधी गोष्ट ५० वर्षांनंतरही देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावी लागली. अरुणाची खरी आठवण ठेवायची, तर ती येथून सुरू झाली पाहिजे.

छत्तीसगढच्या लोकजीवनात या बाबतीत एक बोलका शब्द आहे. तेथे दोन स्त्रिया रीतसर मैत्रीचे नाते जोडतात आणि एकमेकींना ‘मितानिन’ म्हणतात. हे नाते सख्ख्या नात्याइतकेच जपले जाते. २००२ साली राज्याने पाड्यापाड्यांवर आरोग्यसेविका नेमण्याचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्या सेविकांना हेच नाव देण्यात आले. पुढे देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या नेमताना या प्रयोगाचा आदर्श समोर होता. मितानिन ही प्रशिक्षित परिचारिका नव्हे. पण तिच्या नावात एक समज आहे. आजारपणात जी जवळ येते, ती वरून उतरलेली देवी नसते आणि हाताखालची दासीही नसते. ती मैत्रीण असते, आणि मैत्रीत दोन्ही बाजूंना कर्तव्ये असतात.

‘शुश्रूषा’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. अरुणा बोलू शकत नव्हती, तरी तिच्या चेहऱ्यावरच्या बदलांतून तिला काय हवे, काय नको, हे तिच्या सोबतिणी ओळखत. न बोलणाऱ्या माणसाचे म्हणणे त्यांनी ४१ वर्षे ऐकले. परिचारिका तर बोलतात. पाळीचे तास, रुग्णांची वाढती संख्या, रात्रीची असुरक्षितता यांविषयी त्या वारंवार सांगत आल्या आहेत. त्याग हा व्यक्तीने स्वेच्छेने करावयाचा असतो. समाजाने तो गृहीत धरावयाचा नसतो. ज्यांनी आयुष्यभर इतरांचे ऐकले, त्यांचे म्हणणे ऐकणे ही समाजाने करावयाची शुश्रूषा आहे.