खेळायला येऊ का?

गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. मुलगा ९ वर्षांचा, अभ्यासात ठीक, घरात बडबड्या. पण संध्याकाळी मोहल्ल्यातली मुले क्रिकेट खेळतात तेव्हा हा भिंतीला टेकून उभा. "जा ना, खेळ त्यांच्यात," असे त्या रोज सांगतात. तो मान हलवतो आणि तिथेच राहतो.

जायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसावे.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ फ्रेड फ्रँकेल यांनी अशा मुलांसाठी मैत्रीचे गट चालवले. २००३ साली रॉबर्ट मायट यांच्यासह त्यांनी ही पद्धत पुस्तकात मांडली. १२ आठवडे, आठवड्यातून एक तास. मुले एका खोलीत, त्याच वेळी आईवडील दुसऱ्या खोलीत.

मुलांना खेळात शिरायची रीत शिकवतात. आधी बघायचे. कोणी छान खेळले तर तसे म्हणायचे. खेळ जरा थांबला की, ज्या बाजूला गडी कमी आहेत तिकडे विचारायचे, "मी येऊ का?" नको म्हटले तर वाद न घालता बाजूला व्हायचे आणि पुन्हा कधीतरी विचारायचे. नकार सर्वांच्या लाडक्या मुलांनाही मिळतो, हे मुलांना सांगितले जाते. आम्हाला यातले हेच सर्वांत मोलाचे वाटते. पत्रातला मुलगा तर पहिली पायरी रोजच चढतो आहे. तो बघतो आहे.

आईवडिलांना गृहपाठ असतो, एका मुलाला घरी खेळायला बोलावण्याचा. जी खेळणी द्यायची नाहीत ती आधीच उचलून ठेवायची. खेळ पाहुण्याने निवडायचा. धाकट्या भावंडांना लांब ठेवायचे. मोठ्यांनी कानावर पडेल इतपतच जवळ राहायचे.

आपली गाडी इथेच अडते! मूल दारात आले की समोसे, शरबत, शेवया, वर "अब्बू काय करतात?" ही चौकशी. बिचारा तासभर खातो आणि घरी जातो.

"चुलत-मावस भावंडे आहेत की, मित्र कशाला?" असेही काही जण म्हणतात. भावंडांना आपल्याला सांभाळून घ्यावेच लागते. मित्राला तशी सक्ती नसते, म्हणून ते शिकावे लागते.

मुंबई-पुण्यात काही बालविकास केंद्रे असे गट चालवतात. मूल उशिरा बोलू लागले असेल किंवा हाक मारल्यावर बघत नसेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

त्या भगिनींनी शेवटी लिहिले आहे, नव्या घरात येऊन २ वर्षे झाली, पण इथे त्या स्वतःच कोणाला ओळखत नाहीत. तेव्हा पहिले दार त्यांनाच वाजवावे लागेल. भगिनी, येत्या रविवारी असरनंतर शेजारच्या एकाच मुलाला तासभर बोलवा. खाऊची बशीही एकच ठेवा. काय झाले ते आम्हाला कळवा.