वेणी, ओढणी आणि चार चाके

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीजेला आमच्या मुक्ताने निखिलला ओवाळले. निखिल म्हणजे माझा पुतण्या. चिंचवडला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. नोकरी लागल्यानंतरची त्याची ती पहिलीच दिवाळी. तेव्हा यंदा ओवाळणी भक्कम पडणार, असा मुक्ताचा आठ दिवसांपासूनचा हिशेब. प्रत्यक्षात तबकात पडले एक पाकीट, आणि पाकिटातून निघाली एक चिठ्ठी: "उद्या सकाळी नऊला तयार राहा. गो-कार्ट चालवायला जायचे."

मुक्ताने आनंदाने अशी काही उडी मारली की निरांजन विझता विझता वाचले. आमच्या सासूबाई पलंगावरून सारे ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "गोकर्णाला? अरे, एका दिवसात जाऊन येणे होईल का?"

"गोकर्ण नव्हे आजी, गो-कार्ट! छोटी मोटार. आपणच चालवायची, गोल गोल."

"गोल गोल कशाला? कुठे पोचायचे नाही का?" सासूबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी तयार होऊन बसल्या त्याच. चिवड्याचा आणि चकल्यांचा डबाही त्यांनीच भरून घेतला.

वाटेत निखिलने आम्हाला गो-कार्टचे पुराण ऐकवले. ही गाडी जन्मली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, १९५६ साली. आर्ट इंगल्स नावाचा एक कारागीर शर्यतीच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात काम करीत असे. त्याने लोखंडी नळ्या जोडून एक सांगाडा केला, त्याला चार चिमुकली चाके लावली आणि गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवले. झाली गाडी! पुढे हाच खेळ मोटार-शर्यतींची बालवाडी ठरला. आयर्टन सेना आणि मायकेल शूमाकर हे जगज्जेते लहानपणी या गाड्यांवरच हात बसवून मोठे झाले.

"म्हणजे गवत कापायच्या यंत्रावर बसायचे," आमचे हे गाडी चालवता चालवता म्हणाले. त्यांना कोणत्याही गोष्टीचे मोठेपण पटकन मान्य होत नाही.

घाट चढून गेल्यावर रस्त्याच्या कडेला तो ट्रॅक होता. उघड्यावरचा, डांबरी, नागमोडी वळणांचा. कडेने जुने टायर रचून ठेवलेले. सुट्टीचा दिवस असल्यामुळे ही गर्दी! खिडकीतल्या माणसाने पैसे घेतले, एका छापील कागदावर सही घेतली आणि "पुढे व्हा, पुढे व्हा" म्हणून आम्हाला पुढे लोटले. कागदावर काय लिहिले होते ते मी वाचले नाही. हेही वाचत नाहीत. आपण सह्या करणारी माणसे, वाचणारी नव्हे.

मुक्ताने दिवाळीचा नवा पंजाबी पोशाख घातला होता. जरीच्या काठाची लांब ओढणी, आणि कमरेच्या खाली जाणारी तिची वेणी. तिच्या केसांचे आम्हा सर्वांना कौतुक. सासूबाईंना तर विशेष, कारण त्या केसांना शिकेकाई लावण्यात त्यांची सतरा वर्षे गेली आहेत. एका पोऱ्याने तिच्या डोक्यावर हेल्मेट ठेवले. हनुवटीखालच्या पट्ट्याचे बक्कल तुटलेले होते, म्हणून त्याने पट्ट्याला चक्क गाठ मारली. मुक्ता गाडीत बसली. ओढणी तिने गळ्याभोवती मागे टाकली. इंजिन सुरू झाले.

तेवढ्यात कुंपणापाशी उभ्या असलेल्या सासूबाई ओरडल्या, "थांब! थांबवा ते आधी!"

मला वाटले, त्यांना चक्कर आली. त्या बोटाने दाखवत होत्या. मुक्ताची वेणी सीटच्या मागे लोंबत होती आणि तिच्या शेपटाखाली वीतभर अंतरावर बैलगाडीला असतो तसा एक आडवा लोखंडी आस होता. त्याच्यावर ना झाकण, ना पत्रा.

"हा दांडा फिरतो ना रे?" त्यांनी पोऱ्याला विचारले.

"फिरतो आजी. पण काही होत नाही. रोज शंभर माणसे बसतात."

"त्या शंभरांचे मला सांगू नकोस. मुक्ता, उतर खाली."

मागे रांग खोळंबली. कोणी हॉर्न वाजवावा तसे तोंडाने आवाज काढू लागले. आता खरे तेच सांगते, वाचकहो. त्या क्षणी मला सासूबाईंचा राग आला. दिलेले पैसे जाणार, मुलीचा विरस होणार, चार लोकांत शोभा होणार, एवढेच माझ्या डोक्यात. मी हळूच म्हणाले, "आई, असू द्या ना. इतक्या मुली बसताहेत." त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले. मग निखिल पुढे झाला, वाकून त्याने मागचा आस पाहिला आणि काही न बोलता इंजिन बंद करायला लावले. पैसे परत मिळाले नाहीत. मुक्ता घरी येईपर्यंत कोणाशी बोलली नाही. चकल्यांचा डबा तसाच परत आला.

रात्री जेवणे झाल्यावर सासूबाईंनी आपण होऊन सांगितले. त्यांच्या माहेरी पिठाची गिरणी होती. इंजिनावरून जात्यावर रुंद पट्टा फिरायचा. त्या नऊ-दहा वर्षांच्या असताना गिरणीवर कामाला असलेल्या एका माणसाच्या खांद्यावरचे उपरणे त्या पट्ट्यात गेले. उपरणे सोडवायला त्याने हात घातला. माणूस वाचला, हात गेला. "तेव्हापासून आमची आई पदर खोचल्याशिवाय आम्हाला गिरणीत पाऊल टाकू देत नसे," त्या म्हणाल्या. "मला ती तुमची मोटार कळत नाही. पण फिरणारे लोखंड आणि सैल कापड यांचे काय होते, ते मी पाहिलेय."

निखिलने कागद-पेन्सिल घेतली. तो म्हणाला, "काकू, आजीचे बरोबर आहे, आणि आपल्याला वाटते त्याहून जास्त बरोबर आहे. या गाडीचे मागचे दोन्ही टायर एकाच अखंड आसावर बसवलेले असतात. चाक फिरले की आस फिरतोच. चाकाचा घेर मीटरभरही नसतो. म्हणजे ताशी ४० किलोमीटर वेगात ते चाक सेकंदाला १२ फेरे घेते, आणि तितकेच फेरे तो आसही घेतो. आस तीन-चार सेंटिमीटर जाड धरला, तर सेकंदाला सव्वा-दीड मीटर कापड त्याच्यावर गुंडाळले जाते. मुक्ताची ओढणी दोन सेकंदांत संपली असती. वेणीला तर एक सेकंदही लागला नसता."

कोणी काही बोलले नाही. एरवी थट्टा करणारे हेही गप्प होते.

"स्कूटर-मोटरसायकलच्या मागच्या चाकाला आपण साडीगार्ड लावतो," निखिल पुढे म्हणाला, "ते याच भीतीने. आपल्याकडे मोटरसायकलला तसे आवरण असावे असा नियमच आहे. गो-कार्टला मात्र ते ट्रॅकवाल्याच्या मर्जीवर. चांगले लोक आस आणि साखळी पुरती झाकतात. बाकीचे देवावर हवाला ठेवतात."

ही गोष्ट नुसती हिशेबाची नाही. २०१८ साली हरियाणात पिंजोरच्या प्रसिद्ध बागेत सहलीला आलेल्या एका तरुणीचे केस गो-कार्टच्या चाकात गुंतले आणि ती प्राणाला मुकली. दोनच वर्षांनी, २०२० साली, हैदराबादजवळच्या एका ट्रॅकवर एका विद्यार्थिनीचा असाच अंत झाला. दोघी घरच्या माणसांबरोबर, मित्रमंडळींबरोबर मौजेला गेल्या होत्या. आणि हा दोष काही आपल्याच देशाचा नव्हे. इसाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तकी १९२७ साली फ्रान्समध्ये नीस शहरी उघड्या मोटारीत बसली. तिच्या गळ्यातली लांब रेशमी शाल चाकात अडकली आणि मोटार सुरू होताच तिचा शेवट झाला. साधन बदलते, देश बदलतो. फिरणाऱ्या चाकाचा स्वभाव तोच राहतो.

मी उठून मुक्ताच्या खोलीत गेले. ती जागीच होती. दाराआडून तिने सारे ऐकले होते. "आई, म्हणजे आता कधीच जायचे नाही का?" तिने विचारले.

खरे सांगायचे तर "कधीच नाही" हे माझ्या ओठांवर होते. पण उत्तर दिले सासूबाईंनी, बाहेरच्या खोलीतून. "जायचे तर! माझ्या बापाने गिरणी बंद केली नव्हती. पदर खोचायला शिकवले."

पुढच्या रविवारी निखिलने चौकशी करून दुसरा ट्रॅक शोधला. तिथे पैसे घेण्याआधी एका विशीतल्या मुलाने आम्हाला बाकावर बसवून दहा मिनिटे धडा दिला. मुक्ताने या खेपेस पँट, अंगासरशी शर्ट आणि नाडीचे बूट घातले होते. तरी त्याने नाड्यांची टोकेसुद्धा बुटात खोचायला लावली. गळ्यातली साखळी काढायला लावली. वेणी पाहून तो म्हणाला, "ताई, अंबाडा नको. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, वर तरंगते. केस शर्टाच्या आत गेले पाहिजेत." मग सासूबाईंनी तिथेच बाकावर बसून मुक्ताची वेणी सोडली, घट्ट विणली, शाळेतल्या मुली घालतात तशी दुमडून रिबिनीने बांधली आणि शर्टाच्या आत सोडली. वरून त्या मुलाने डोक्याला आणि मानेला झाकणारी कापडी टोपी दिली, टोपीवर हेल्मेट, आणि हेल्मेट हाताने गदगदा हलवून पाहिले. सासूबाईंनी मुद्दाम गाडीच्या मागे जाऊन पाहिले. आसावर पत्र्याचे झाकण होते. त्यांनी मान हलवली, तेव्हा कुठे इंजिन सुरू झाले.

वाचकहो, या दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यापैकी पुष्कळ जण मुलांना घेऊन अशा ठिकाणी जाल. जरूर जा. जाण्याआधी त्या मुलाने आम्हाला सांगितले, ते सांगून ठेवते.

ही जत्रेतली डॅशिंग कार नव्हे. इथे एकमेकांना धडक द्यायची नसते. उजव्या पायाखाली वेग, डाव्या पायाखाली ब्रेक. दोन्ही एकदम दाबू नयेत. ज्या मुलाचे पाय दोन्हीपर्यंत पोचत नाहीत, त्याला अजून वर्षभर कुंपणापाशी उभे करावे, रडला तरी. लहान मूल मांडीवर घेऊन बसणे तर सक्त वर्ज्य. गाडी गरकन फिरून थांबली किंवा बंद पडली, तर खाली उतरू नये. हात वर करून जागीच बसावे, माणूस येतो. ट्रॅकवर चालत निघालेला माणूस मागून येणाऱ्याला वळणावर दिसतच नाही. हात-कोपर बाहेर काढू नयेत. इंजिन बाजूलाच असते. उतरताना त्याला वा सायलेन्सरला हात लागला तर चांगलाच चटका बसतो.

निशाणांची भाषा मुलांकडून पाठ करून घ्या. पिवळे म्हणजे पुढे काही घडले आहे, सावकाश चला, कोणाला मागे टाकू नका. निळे म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, तिला वाट द्या. लाल म्हणजे थांबा. काळे-पांढरे चौकड्यांचे निशाण दिसले की फेरी संपली. ट्रॅक उघड्यावर असल्यामुळे अवकाळी सर येऊन गेली असेल, तर तो वाळेपर्यंत चहा घ्या. ओल्या डांबरावर ही गाडी साबणासारखी सरकते. गाडीला स्प्रिंगा नसतात, सारे धक्के थेट पाठीला बसतात. म्हणून पाठीच्या आणि मानेच्या दुखणेकऱ्यांनी, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी बाहेरून टाळ्या वाजवाव्यात.

आणि सर्वांत मोठी गोष्ट: हेल्मेटचा पट्टा तुटका असेल, आस उघडा असेल, केस-ओढणीकडे कोणी पाहत नसेल, तर निघून या. पैसे बुडू द्या. रांग हसू दे. "रोज शंभर बसतात" हे उत्तर ऐकले की समजा, या ठिकाणी आपले काम नाही.

त्या दिवशी मुक्ताने दहा फेऱ्या मारल्या. परत आली तेव्हा गाल लाल झालेले, डोळे चमकत होते. सासूबाईंनी तिचे हेल्मेट काढले, टोपी काढली, शर्टातून वेणी बाहेर ओढली आणि बोटे फिरवून ती सारखी केली. मग डब्यातली चकली तिच्या हातावर ठेवीत म्हणाल्या, "दहा वेळा फिरलीस, आणि पोचलीस कुठे?"

"तुझ्यापाशी," मुक्ता म्हणाली आणि चकलीचा तुकडा मोडला.

यंदाही निखिल तिला घेऊन जाणार आहे. चिठ्ठीत काय आहे ते या वेळी सर्वांना ठाऊक आहे. सासूबाईंनी काळ्या रिबिनीचे नवे भेंडोळे आणून ठेवले आहे.