सब्राच्या कौतुकाने बाळंतपण होत नाही

पॅलेस्टिनी आईच्या सब्राबद्दल आपल्याकडे जुम्याच्या बयानात भरपूर बोलले जाते. तिच्या बाळंतपणाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. मला हे खटकते.

अरबीत सुईणीला 'दाया' म्हणतात. आपल्या दाईच्या जवळचाच शब्द. एके काळी गावोगावची बाळंतपणे हीच दाया करी. पुढे शिकलेल्या सुईणी आल्या, वेस्ट बँकमधल्या बहुतेक बायका दवाखान्यात बाळंत होऊ लागल्या. सप्टेंबर 2000 मध्ये दुसरा इंतिफादा सुरू झाला आणि इस्रायली लष्कराने जागोजागी नाके बसवले, गावांच्या वाटा मातीचे ढिगारे टाकून बंद केल्या. दवाखाना होता तिथेच राहिला, वाट तेवढी गेली. पॅलेस्टिनी आरोग्य खात्याच्या नोंदींनुसार 2000 ते 2007 या काळात साठांहून अधिक बायका नाक्यांवर बाळंत झाल्या. त्यांतली सुमारे निम्मी बाळे दगावली, काही आयाही गेल्या.

आकडा लहान वाटेल. पण नाक्याच्या धास्तीने दिवस भरत आले की शहरातल्या नातेवाइकांकडे जाऊन राहिलेल्या, किंवा नाइलाजाने घरीच बाळंत झालेल्या बायका त्यात येत नाहीत.

कुरआनात कळांनी बेजार झालेली मरियम मरणाची इच्छा बोलून दाखवते. तिचे दुखणे तिथे लपवलेले नाही. आणि तिला नुसता धीर दिला जात नाही, पायाशी पाणी आणि खायला ताजे खजूर मिळतात. आपण पॅलेस्टिनी आईला मात्र फक्त धीरच देतो. बेथलेहेममधले होली फॅमिली हॉस्पिटल कॅथलिक संघटनेचे आहे, पण तिथे बाळंत होणाऱ्या बहुतेक बायका मुसलमान. ते चालवणाऱ्यांबद्दल मी एकाही बयानात ऐकलेले नाही.

गाझात तर नाक्यापलीकडचा दवाखानाही उरला नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये तिथे सुमारे 50,000 गरोदर बायका असल्याचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता. नोव्हेंबरात वीज नसलेल्या अल-शिफा रुग्णालयातून दिवस भरण्याआधी जन्मलेली 31 बाळे हलवावी लागली.

दवाखाना गाठता येत नसेल अशा बाईसाठी संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी एक पुडके देतो. त्यात साबण, अंथरायला प्लास्टिक, नाळ कापायला ब्लेड आणि बांधायला दोरा असतो. पुढच्या जुम्याला सब्राबरोबर या पुडक्याचाही उल्लेख झाला तर मला बरे वाटेल.